डबीच्या निमित्तानं

अंबड,
मंगळवार, दुपार

प्रिय प्रेमला,

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय, घरच्या नाही. घरी आलं असतं तर आधी शेजारच्या घरातल्या तुझ्या दादांच्या, तुझ्या भावाच्या, हाती पडलं असतं, आणि यातलं बरंचसं त्यांच्याबद्दलच आहे. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर निळ्या टिका येतात, म्हणजे वाचतेस, आणि मंग गप्प. दोन रविवार झाले, मी पाण्याची बाटली भरून, टोपी घालून, पायात बूट चढवून दारात उभी राह्यले आणि तुझी स्कूटी काही आली नाही. दुसऱ्या रविवारी तर समोरच्या द्वारकाबाईंनी ओट्यावरून विचारलंच, आज तुमच्या बदनापूरच्या बाई न्हाई आल्या का म्हणून. मी म्हणलं, त्यांच्याकडं पाहुणे आलेत. एवढी वर्षं कोर्टात नोकरी करते, पण खोटं बोलायला मला अजून जमत नाही. त्यांनी लगेच ओळखलं आणि ज्वारी निवडायला लागल्या.

तू आली नाहीस याचा राग आहेच. पण त्याच्याहून मोठी गोष्ट मला विचारायची आहे, आणि ती विचारल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही. हे वर्षभर तू माझ्यासोबत रानोमाळ हिंडलीस, ती मैत्रीण म्हणून हिंडलीस का माझी चौकशी करायला? एवढंच. बाकी सगळं या एका प्रश्नाच्या आसपास आहे. तू शिक्षिका आहेस, पोरांना म्हणतेस ना, नेमकं उत्तर लिहा, पाल्हाळ नको. मंग मीही तुझ्याकडून नेमकंच उत्तर मागतेय. पाल्हाळ मात्र मी लावणार आहे, ते तुला ऐकून घ्यावं लागेल.

संशय माझ्या हाडातच आहे हे तुला सांगायला नको. कोर्टाच्या नक्कल विभागात, कागदांच्या प्रती देत बसून मी दुसरं काय पाहिलंय? भाऊ भावावर, सून सासूवर, शेजारी शेजाऱ्यावर. पेढे घेऊन आलेला माणूस उद्या कागद मागायला येतो हे मला पाठ झालंय. त्यामुळं तू पहिल्यांदा दिसलीस तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. जालन्याचं मोतीबाग आठवतं ना? चिन्मयीनं दिवाळीच्या सुट्टीत माझ्या फोनमध्ये ते जिओकॅशिंग टाकून दिल्तं. तिचं म्हणणं, आई, तू घर आणि कोर्ट सोडून कुठंच जात नाहीस. लोक कुठंकुठं डब्या लपवून ठेवतात, नकाशा बघत जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर आपलं नाव टाकायचं, वाटलं तर आतली एखादी वस्तू घ्यायची आणि आपली ठेवायची, आणि डबी जिथल्या तिथं. एवढं समजावून पोरगी गेली पुण्याला. मला वाटलं, ह्यात कसली आलीय मजा, रिकामटेकड्यांचे धंदे. पण एका शनिवारी डोळे तपासायला जालन्याला आल्ते, वेळ होता, म्हणलं बघू तरी. फोनमधला बाण मला तलावाच्या कठड्याजवळ घेऊन गेला आणि बघते तर तिथं तू उभी. फोन कानाला लावून हो हो, बराबर, बराबर करून राह्यलीस, आणि मधूनच फोन खाली घेतलास की पडद्यावरचा नकाशा मला इकडून दिसत होता.

मी बाकड्यावर बसले. तूही हलेना. मी पर्समध्ये काहीतरी शोधल्याचं नाटक केलं. तू बुटाची नाडी सोडलीस, बांधलीस, परत सोडलीस. मला वाटलं, ही बाई एक तर पाकीटमार आहे नाहीतर कुणाच्यातरी नवऱ्यावर पाळत ठेवून आहे. शेवटी तूच जवळ आलीस आणि हळूच विचारलंस की तुम्हीपण डबीसाठीच का. मला इतकं हसू आलं की डोळ्यांची तपासणी राहून गेली. कठड्याच्या फटीतून डबी तू काढलीस, कागदावर आधी माझं नाव लिहायला दिलंस, आणि मंग आपण दोघी उसाचा रस प्यालो. परत जाताना बसमध्ये मला पहिल्यांदा वाटलं, ही इतकी लगेच गोड का बोलली? आपल्या वयात मैत्रिणी अशा कठड्याच्या फटीतून निघत नाहीत, गं. ज्यांच्या असतात त्यांच्या शाळा-कॉलेजातल्या असतात. माझ्या तर हे गेल्यापासून त्याही कमी होत गेल्या. विधवा बाईकडं येणंजाणं ठेवायचं म्हणजे लोकांना काहीतरी कारण लागतं.

म्हणून मी तुझं कारण शोधत राह्यले. सुरुवातीला मला खात्री होती की तू पावडर विकणारी आहेस, ती वजन कमी करायची, नाहीतर प्लास्टिकचे डबे. आमच्या ऑफिसातली एक अशीच आधी जीव लावायची आणि मंग एके दिवशी हॉटेलात मीटिंगला न्यायची. घाणेवाडीच्या तलावावर आपण गेलो तेव्हा तू पाठीवरच्या पिशवीतून मोठी स्टीलची डबी काढलीस आणि मी मनात म्हणलं, आली बघ पावडर. निघाल्या मेथीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पक्षी बघत आपण खाल्ल्या. मी तीन दशम्या खाल्ल्या आणि तरीही मनात म्हणत होते, पुढच्या वेळी काढील. पुढच्या वेळीही दशम्याच निघाल्या. मंग वाटलं, प्लॉट विकायचा असेल. तेही नाही. तू विकतच काही नव्हतीस, आणि त्यामुळं माझा संशय वाढतच गेला.

ते बदनापूरच्या शिवारातलं प्रकरण तर मी जन्मात विसरणार नाही. तुला काय, मला काय, दोघींनाही सुट्टी दिसली, तिथी कुणी पाह्यली? भर अमावास्येच्या दिवशी दोन बायका दुसऱ्याच्या बांधावर, लिंबोणीच्या झाडाखाली, दगड उचलून हाताने माती उकरून राह्यल्या. वर आपल्या डबीत निघालं काय, तर बाहुलीचा हात, टाचण्या, काळा दोरा आणि नावं लिहिलेला कागद. ती शेतकरीण मागं येऊन कधी उभी राह्यली ते कळलंही नाही. तिनं डबीत बघितलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. "नावं कुणाची लिवली ह्याच्यात? आमच्या घरातलं कुणाचं हाये का?" असं तिनं विचारलं. तिनं हाळी दिली, चार माणसं गोळा झाली, एकानं खुरपं हातात घेतलेलं. मी तर डबी पाठीमागं लपवायला लागले. आणि तू? तू पदर नीट केलास, हसलीस, आणि म्हणालीस की मी शाळेत भूगोल शिकवते, पोरांच्या सहलीचा खेळ लावायला आले, ही नावं जिंकलेल्यांची आहेत, आणि ही माझी वहिनी, अंबडच्या कोर्टात असते.

कोर्ट म्हणल्याबरोबर खुरपं खाली गेलं. भानामतीला नाही भ्याले तेवढे कोर्टाला भ्याले, हे आपण परत येताना किती वेळा बोललो आणि किती हसलो. त्या बाईनं शेवटी चहाला बसवलं आणि जाताना कैऱ्या दिल्या. पण घरी आल्यावर कैऱ्या चिरता चिरता मला दोन गोष्टी टोचायला लागल्या. एक, तू किती सराईतपणे खोटं बोललीस. डोळ्याची पापणी हलली नाही. जी परक्यांशी इतकं गुळगुळीत खोटं बोलते ती माझ्याशी बोलत नसेल कशावरून? आणि दुसरी गोष्ट, वहिनी का? मैत्रीण म्हणायची, सोबतच्या बाई म्हणायचं, बहीण म्हणायची. वहिनी कुठून आली तुझ्या जिभेवर? तेव्हा मी स्वतःचीच समजूत घातली की बांधावर नात्याचं नाव घेतलं की माणसं मऊ होतात. आता कळतंय ते वेगळंच.

त्यानंतर तुझे प्रश्न सुरू झाले. आधीही विचारायचीस, नाही असं नाही, पण आता त्यांना रांग लागली. उपास कोणकोणते धरतेस? शुगर-बिगर नाही ना? घर तुझ्या नावावर आहे का सासऱ्यांच्या? सासरचे लोक येऊन जाऊन असतात का? राग आला तर बोलून टाकतेस का मनात ठेवतेस? मी डबीच्या नादात उत्तरं देत राह्यले. दगडाखाली हात घातलेला असताना माणूस फार विचार करून बोलत नाही. आणि मंग द्वारकाबाईंनी एके दिवशी मला समोरच्या ओट्यावरून बोलावलं. म्हणाल्या, तुमच्या बदनापूरच्या बाई काल आल्त्या, तुम्ही ऑफिसात होत्या, बसल्या माझ्याकडं अर्धा घंटा. तुमचा स्वभाव कसा हाये, कुणाच्या अध्यात न मध्यात का, सकाळी किती वाजता उठतात, पोरगी कशी हाये, सगळं विचारून गेल्या. मी म्हणलं, तुम्ही काय सांगितलं? तर म्हणाल्या, चांगलंच सांगितलं, पण तोंडानं जरा फटकळ हाये हे बी सांगितलं, खोटं कशाला बोला.

त्या दिवशी मला सगळं उमगलं, असं मला वाटलं. हा तर सोयरिकीचा कारभार! आपल्याकडं स्थळ ठरवायच्या आधी एक बाई पुढं पाठवतात, ती शेजारी बसते, पाणी पिते, घराची चव घेऊन जाते. तुझा मुलगा निखिल पुण्याला, माझी चिन्मयी पुण्याला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई आहे ही, असं मी तुला मनात म्हणलं, आणखीही बरंच म्हणलं ते लिहीत नाही. पोरगी अजून शिकून राह्यली आहे आणि हिला घाई झाली! मंग मी सापळा लावला. कृषी संशोधन केंद्राच्या रस्त्यावर आपण ती वडाच्या पारंबीतली डबी शोधत होतो, तेव्हा मी मुद्दाम विषय काढला की चिन्मयीचं लग्न मी इतक्यात करणार नाही, तिला अजून पुढं शिकायचंय, बाहेरगावी जायचंय, आणि मी तुझ्या तोंडाकडं टक लावून बघत राह्यले. वाटलं, पडेल तोंड. पण तू तर खुललीस. म्हणालीस, बिलकुल बरोबर, शिकू दे, तिची काळजी नको, ती मार्गी लागणारी पोरगी आहे. अशी काही हलकी झालीस, जशी काय एक अडचणच दूर झाली. माझा सापळा रिकामाच राह्यला. तीन-चार दिवस मी नुसती विचार करत होते की मंग हिला पाहिजे तरी काय.

आणि मत्स्योदरीच्या डोंगरावर तू पकडली गेलीस. तुला वाटतं मला कळलं नाही. अंबडात एकही डबी नव्हती, म्हणून नवीन आली म्हणल्यावर मी किती खूष होऊन तुला फोन केल्ता. ऐन उन्हात आपण पायऱ्यांच्या बाजूनं, दगडांच्या कपारीतून शोधत होतो. तू सांगायचीस तिकडं बघ, इकडं बघ, आणि मी बघायची. मी घामाघूम झाले, कोपर खरचटलं, डबी लपवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी सापडली. तिला कापडाची पिशवी शिवलेली होती, पाऊस लागू नये म्हणून. निळ्या कापडावर पिवळी फुलं. तुझ्या दशम्यांच्या डब्याला जी पिशवी आहे तेच कापड, तशीच दुहेरी शिवण. नाव टाकलं, डबी ठेवली, देवीचं दर्शन घेतलं. पण माझ्या अंगाची आग आग झाली. स्वतः लपवलेली डबी माझ्याकडून शोधून घेतलीस आणि बाजूला उभी राहून बघत राह्यलीस. माझा संताप कितपत जातो ते बघत होतीस का? द्वारकाबाईंनी फटकळ म्हणलं ते तपासून घेत होतीस का? घरी येऊन मी ठरवलं की आता पुरे, कानाला खडा. आणि शनिवारी तुझा मेसेज आला की जांब समर्थला जाऊ, तर मी हो म्हणून बसले. रविवारी घरात बसून राहायची ताकद माझ्यात उरली नव्हती, हे खरं कारण.

जांबेला देवळाच्या बाहेर तुझे दादा भेटले. योगायोगानं, असं तू म्हणालीस. बद्रीनाथ नाव सांगितलंस, बदनापूरला मोसंबीची बाग आहे, वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, असं सगळं एका दमात. योगायोगानं भेटलेल्या माणसाच्या गाडीत मोसंब्यांचं अख्खं पोतं होतं आणि अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. पण मला तेव्हा काहीही शंका आली नाही. ही माझी गंमत बघ, प्रेमला, जिथं तिथं संशय घेणारी मी, आणि जिथं घ्यायचा तिथं आंधळी. माझं मन सगळं चिन्मयीकडं अडकलेलं. मला वाटलं, हा मुलाचा मामा, मुलीच्या आईला बघायला आला. म्हणून मी आपली ताठ बसले. ते मोसंबी सोलून देत राह्यले. फार बोलले नाहीत. एवढंच विचारलं की बदनापूरहून अंबडला कोर्टात रोज येणंजाणं एखाद्याला जमेल का हो. मी म्हणलं, जमतं की, न जमायला काय झालं, आमच्या ऑफिसातल्या दोघी लांबून येतात, सकाळची एसटी बराबर वेळेवर असते, संध्याकाळी जरा गर्दी होते पण जागा मिळते. सगळं वेळापत्रकच सांगितलं बाई मी त्यांना, उत्साहानं.

राजानंदाचा फोन आला तेव्हा मला ते वेळापत्रक आठवलं. माझ्या भावाला तू ओळखत नाहीस, तो बोलताना आधी घसा साफ करतो. घसा साफ केला आणि म्हणाला, ताई, तुझ्यासाठी स्थळ आलंय. मी म्हणलं, चिन्मयीसाठी म्हण. तो म्हणाला, नाही, तुझ्यासाठी. बदनापूरचे आहेत, रीतसर माणूस पाठवला होता, घर चांगलं आहे, बहिणीनं वर्षभर सगळी चौकशी केलीय, आणि येण्याजाण्याचं तर तू स्वतःच जमेल म्हणालीस म्हणे. मी खुर्चीत बसून राह्यले. गॅसवरचं दूध उतू गेलं ते तसंच गेलं. त्याला सांगितलं की विचार करून कळवते. चिन्मयीला फोन केला, तर ती आधी खूप हसली आणि मंग म्हणाली, आई, तुझं तू बघ, मला चालेल. जगात सगळ्यांना चालत होतं. मला एकटीला दिवसभर एकच वाक्य ऐकू येत होतं, बहिणीनं वर्षभर चौकशी केलीय.

वर्षभर, म्हणजे मोतीबागेपासून? म्हणजे तलावाच्या कठड्याजवळ तू माझ्यासाठीच उभी होतीस? दशम्या, रस, घाणेवाडीचे पक्षी, कैऱ्या, सगळं चौकशीत धरायचं का? मला याचा किती त्रास झाला हे तुला कळायला पाहिजे म्हणून लिहितेय. नवरा गेला तेव्हा निदान तो माझा होता हे तरी ठाऊक होतं. तुझ्याबाबतीत मला तेवढंही ठाऊक नव्हतं. आणि तू गप्प बसलीस. तेही मला कळतं. आपली रीत आहे, स्थळाचा निरोप गेला की उत्तर येईपर्यंत त्या घरच्यांनी मुलीकडच्यांच्या दारी पाण्यालाही जायचं नाही, दडपण आणल्यासारखं दिसतं. तू रीत पाळलीस. पण मी मुलगी नाही, प्रेमला, आणि तू नुसती त्या घरची नव्हतीस.

मंग मी पुरावा तपासायला बसले. दुसरं काय येतं मला? तुझ्या विरुद्ध पुष्कळ आहे, ते वर सगळं लिहिलंय. तुझ्या बाजूनं एकच निघालं, ते आता सांगते. जांबेला मोसंबी खाऊन झाली, बघणं झालं, तुझं काम झालं होतं. चौकशीला आलेली बाई तिथून भावाच्या गाडीत बसून आरामात घरी गेली असती. दादा म्हणालेही की दोघींना सोडतो. आणि तू म्हणालीस, "दादा, तू निघ आता. आमची डबी राह्यलीय." ते गेले. आपण दोघी ओढ्याकडच्या रस्त्यानं गेलो. ऊन उतरलं तरी डबी सापडेना. मी म्हणलं, सोड, पुढच्या वेळी बघू. तू नवी साडी नेसली होतीस, दादा येणार म्हणून असेल, आणि त्या नव्या साडीत तू फरशीपुलाच्या कडेला चिखलात पालथी पडलीस आणि खांद्यापर्यंत हात आत घातलास. साप असेल, विंचू असेल, मी ओरडून राह्यले होते. मंग तू डबी बाहेर काढलीस. तुझ्या गालाला चिखल, केसात काटक्या, आणि तुझं तोंड लहान पोरीसारखं खुललं होतं. मी आयुष्यभर लोकांची तोंडं वाचली आहेत, त्या तोंडाला नाटक येत नाही. पुलावर बसून तू मला डबी दिलीस आणि म्हणालीस, "आधी तू नाव टाक."

ती डबी तू लपवलेली नव्हती. ते मी नंतर नकाशावर बघितलं, कुणा पैठणच्या माणसाची होती. म्हणजे तुला खरंच माहीत नव्हती. आणि मंग मला वाटलं की मत्स्योदरीची डबीही कदाचित तू मला तपासायला लपवली नसशील. अंबडात एकही डबी नाही म्हणून मी किती वेळा रडगाणं गायलं होतं तुझ्यापाशी. कदाचित त्यासाठी शिवली असशील पिशवी. कदाचित दोन्हीसाठी. माणूस एका कामाला निघतो आणि वाटेत दुसऱ्याच कामात रमतो, हे तर मी स्वतःच केलं, डोळे तपासायला गेल्ते आणि डबी शोधून आले. तूही आधी दादांसाठी निघाली असशील. किंवा आधी डबीसाठी आणि दादा नंतर सुचले असतील. त्या दिवशी परतताना अंबडच्या स्टँडवर तू काहीतरी सांगायला लागली होतीस, माझं नाव घेतलंस आणि थांबलीस. बस लागली म्हणून थांबलीस का हिंमत झाली नाही, ते तूच सांग. मला खरं पाहिजे. खरं कितीही वाईट असलं तरी मी ते फाइलला लावून टाकीन, पण अर्धवट राह्यलेलं मला सोसत नाही.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. आज सकाळी राजानंदाला मी नकार कळवला. तुझ्या दादांमध्ये काही खोट नाही, मोसंबी गोड होती आणि बोलणंही साधं होतं, माझ्या वतीनं त्यांना एवढं सांग. पण मला पुन्हा कुणाच्या घरात नव्या सुनेसारखी उमेदवारी करायची नाही, आणि दुसरं कारण तू आहेस. राजानंद म्हणाला, असला निरोप फोनवर देत नाहीत, गुरुवारी तो स्वतः बदनापूरला जाणार आहे. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी तुमच्या ओसरीवर माझं नाही पोचेल, आणि नकार दिलेल्या घराची पायरी आपल्यात पुन्हा कुणी चढत नाही हे मला माहीत आहे. ते पोचायच्या आधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून आत्ता पोस्टात निघालेय. हो म्हणले असते तर तू माझ्या घरी येत राह्यली असतीस, पण भाजीत मीठ किती पडलं आणि दादांना वेळेवर जेवायला मिळालं का, ते बघायला आली असतीस. मी तुझ्यापाशी मन मोकळं केलं असतं आणि ते तुझ्या माहेरच्या चुलीपर्यंत गेलं असतं. नाही म्हणले, तर रीतीनं तू येणार नाहीस. दोन्हीकडून मी तुला गमावणारच होते, म्हणून ज्या बाजूनं तुला परत मागता येईल ती बाजू मी धरली. माझा नकार तुझ्या दादांना आहे. मला नणंद नको होती, प्रेमला. मला तू पाहिजेस. रविवारी ये.

तुझीच, अजूनही फटकळ,
साधना